बार्सिलोनाच्या क्लबाचं कार्ड आणि गावातले कापसाचे पैसे

पैसे गेले ते माझ्या लहान भावाचे. दोन लाख चाळीस हजार. गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या बाजूचं, एवढं पुरे. भावाला विचारूनच लिहितो आहे. परदेशी शिकायला गेलेलं पोर आता दर दुसऱ्या गावात आहे, आणि ज्या वाटेने हे पैसे गेले ती वाट आमच्या भागात कोणाला ठाऊक नव्हती.

फसवणूक दोन ठिकाणी झाली. आधी स्पेनमधल्या बार्सिलोनात पुतण्याची, गांजा क्लबाच्या खोट्या कार्डापायी, साठ युरोंना. मग त्याच कागदांवर इथे त्याच्या बापाची.

पुतण्या जर्मनीत मास्टर्स करतो. तिथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला पंचवीस ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येतो, घरी तीन झाडं लावता येतात. १ जुलैपासून लागवडीचे क्लबही सुरू झाले. पण त्या क्लबात पाहुण्याला जागा नाही. किमान सहा महिने जर्मनीत राहणाराच सभासद होतो, सभासदत्व किमान तीन महिन्यांचं, एका क्लबात जास्तीत जास्त पाचशे माणसं, आणि महिन्याला पन्नास ग्रॅमच्या वर मिळत नाही. क्लबात बसून ओढायलाही मनाई. सगळं कागदावर, ओळखपत्रावर. पोरगा या कारभाराला सरावला होता. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत मित्रांसोबत बार्सिलोनाला निघताना टेलिग्रामवरच्या एका चॅनेलने लांबलचक फॉर्म भरायला लावला, तेव्हा त्याला शंका आली नाही, उलट धीर आला.

गांजा आमच्याकडे कोणाला नवा नाही. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेत चिलीम दिसते, आणि तुरीच्या पाट्यात झाडं लावल्याच्या बातम्याही दरसाल येतात. त्यामुळे पोराने ओढायचं मनात आणलं याचा मला फार धक्का बसला नाही. पटलं नाही, ती गोष्ट वेगळी. धक्का बसला तो त्याने कोणाच्या हाती काय दिलं ते ऐकून.

फॉर्ममध्ये पासपोर्टचा फोटो मागितला होता. पासपोर्ट चेहऱ्याशेजारी धरून काढलेला दुसरा फोटो मागितला होता. भारतातला पत्ता होता. आणि शेवटी ‘तातडीच्या वेळी संपर्क’ म्हणून एका नातेवाईकाचं नाव, नातं आणि व्हॉट्सॲप नंबर. पोराने बापाचा दिला. साठ युरो भरल्यावर मोबाइलवर एक कार्ड आलं, त्यावर क्यूआर कोड. दारात दाखवा, आत जा.

आता तिथले क्लब खरे कसे चालतात ते सांगतो, कारण हे माहीत असतं तर साठ युरोही वाचले असते. स्पेनमध्ये गांजाची दुकानं नाहीत. खासगी जागेत स्वतःपुरतं ओढणं तिथे गुन्हा धरत नाहीत. विकणं गुन्हाच आहे. या दोहोंच्या मधल्या जागेत क्लब उभे राहिले. प्रौढ माणसांनी नफा न कमावणारी संस्था नोंदवायची, सभासदांपुरतं पिकवायचं आणि बंद दाराआड वाटून घ्यायचं, ही मूळ कल्पना. आपल्या गावच्या पतसंस्थेत जसा ओळखीचा सभासद उभा राहिल्याशिवाय नवा सभासद होत नाही, तसंच तिथे. आधीचा सभासद नाव सुचवतो, माणूस स्वतः जातो, ओळखपत्र दाखवतो, वर्गणी तिथेच भरतो. क्लबांना जाहिरात करता येत नाही. म्हणजे जो क्लब टेलिग्रामवर मालाची यादी आणि भाव टाकून तुम्हाला बोलावतो, तो एक तर क्लबच नाही किंवा कायदा मोडणारा आहे. बार्सिलोनात ला राम्ब्ला नावाचा पायी हिंडायचा मोठा रस्ता आहे. तिथे ‘कॉफीशॉप, कॉफीशॉप’ म्हणत पर्यटकांना गाठणारी पोरं उभी असतात, त्यांचीही हीच गत.

आणि हे क्लबसुद्धा भक्कम पायावर उभे नाहीत. बार्सिलोना ज्या प्रांतात येतं त्या कॅटालोनियातल्या एका संस्थेने १९९३ साली सभासदांसाठी उघड लागवड केली, तर १९९७ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या लोकांना दोषी ठरवलं. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने मोठ्या क्लबांचा मार्ग आणखी अरुंद केला. कॅटालोनियाच्या संसदेने २०१७ मध्ये क्लबांसाठी कायदा केला, तो पुढच्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने रद्द केला. इतक्या वेळा कोर्टात आपटलेली व्यवस्था अनोळखी पोराला घरबसल्या पक्कं कार्ड कशी देईल?

दिलेल्या पत्त्यावर राहत्या फ्लॅटांचा दरवाजा निघाला. बेल दाबली तर एका म्हातारीने हाकलून दिलं. चॅनेलने पोराला ब्लॉक केलं. साठ युरो गेले म्हणून तो गप्प बसला, मित्रांनाही बोलला नाही. पासपोर्टचे फोटो गेले याचा हिशोब त्याच्या डोक्यातच आला नाही.

नेमकं याच गप्प बसण्यावर पुढचं सगळं उभं होतं.

त्या आठवड्यात भावाचा कापूस सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, गेला होता. २०२४-२५ च्या हंगामातला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये, त्यातून ओलाव्याची कपात होऊन आधार जोडलेल्या खात्यात पैसे जमा झाले होते. फसवणाऱ्यांना हे ठाऊक असावं असं भावाला अजून वाटतं. मला वाटत नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की पोरगा युरोपात शिकतो, म्हणजे बापाने कुठून तरी पैसा उभा केलेला आहे. जर्मनीच्या व्हिसासाठी तेव्हा वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागत होते. ते अकराएक लाख भावाने कर्ज काढून आधीच पाठवले होते. तिकडच्या कामाला लाखांतच आकडे लागतात हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

फोन सकाळी नऊच्या सुमारास आला. व्हिडिओ कॉल, मागे अशोकस्तंभाचं चित्र. कोट घातलेला माणूस हिंदीत म्हणाला, मॅड्रिडच्या भारतीय दूतावासातून बोलतो आहे, तुमचा मुलगा बेकायदा गांजा क्लबवरच्या धाडीत सापडला. मग फोटो पाठवला: पोरगा पासपोर्ट चेहऱ्याशेजारी धरून उभा. त्याने स्वतःच फॉर्मसाठी काढलेला फोटो, पण बापाला तो कोठडीतला वाटणार नाही तर काय? पाठोपाठ रडण्याचा आवाज ऐकवला, “पापा, मुझे बचा लो.” भावसुनेने, म्हणजे पोराच्या आईने, तिथल्या तिथे म्हटलं, “पोट्टा रडला तरी हिंदीत कायले रडन?” तिचं कोणी ऐकलं नाही.

नऊची वेळ अशीच निवडलेली नव्हती. हिवाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो. इथे नऊ, तिथे पहाटेचे साडेचार. बाप घाबरून पोराला फोन लावणार, पोरगा झोपेत, फोन वाजत राहणार. उचलत नाही म्हणजे अटकेतच असणार. बँक उघडेपर्यंत तिथे सहासुद्धा वाजलेले नसतात.

त्यांनी जामिनाचे दोन लाख चाळीस हजार मागितले. कोणाला सांगाल तर बातमी होईल, व्हिसा जाईल, असं बजावलं. फोन चालूच ठेवायला लावला. तालुक्याच्या शाखेत आरटीजीएसचा फॉर्म भरताना क्लार्कने विचारलं, “एवढी रक्कम कोणाले पाठवता, काका?” भाऊ म्हणाला, “पोराची फी.” खातं परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावाचं होतं. जर्मन विद्यापीठाची फी भारतातल्या ट्रेडर्सच्या खात्यात का जाईल, हे पुढे कोणी विचारलं नाही. क्लार्कला दोष देत नाही, रांग मोठी होती.

‘डिजिटल अरेस्ट’ हा प्रकार भावाला माहीत नव्हता असं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये त्यावर बोलले होते, ते त्याने ऐकलं होतं. पण तिथे सीबीआय, कस्टम, पार्सल असे शब्द होते. इथे स्पेन होतं, आणि पोराचा खरा पासपोर्ट होता.

दुपारी वकील आणि दुभाषी म्हणून आणखी एक लाख पंच्याहत्तर हजारांची मागणी आली, तेव्हा भावसून माझ्याकडे आली. भाऊ पहिल्यांदा एवढंच बोलला, “दादा, पोट्टा पकडला गेला. कोणाले सांगू नको.” पुतण्याच्या सोबत गेलेल्या मित्राचा नंबर तिच्या वहीत होता. तो लावला. दोन मिनिटांत पुतण्या फोनवर, जांभया देत: “मोठेबाबा, मी झोपून आहो. काय झालं?”

एक-दोन गोष्टी माहीत असत्या तर तो कोटवाला पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडला असता. स्पेनमध्ये सार्वजनिक ठिकाणी गांजा ओढताना किंवा बाळगताना सापडलं तर २०१५ च्या कायद्याप्रमाणे ६०१ ते ३०,००० युरो दंड होतो. तो प्रशासकीय दंड आहे. स्वतःपुरत्या वापरासाठी कोठडी आणि जामीन हा प्रकारच नाही. विक्रीच्या प्रकरणात अटक होते, पण तेव्हाही दूतावास जामीन गोळा करत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाला कळवा म्हणायचा हक्क असतो. दूतावास त्याला भेटतो, वकिलांची नावं देतो. भारतातल्या कोणा ट्रेडर्सच्या खात्यात पैसे भरायला सांगत नाही. असा फोन आला तर तो कापून दूतावासाच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून लावा. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टलही आहे, त्यावर घरच्यांना तक्रार टाकता येते.

परदेशी निघालेल्या पोरांना आणखी एक सांगणं आहे. आपला अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, तसं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. आणि क्लबाच्या साठ युरोंपेक्षा कितीतरी वाईट जाळं थायलंडच्या नावाने फिरतं आहे: फुकट सहल, येताना फक्त एक बॅग आणायची. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. पण तिथे काहीही असो, मुंबई विमानतळावर त्या बॅगेत वीस किलोच्या वर गांजा निघाला तर किमान दहा वर्षं आत. पाठवणारा मात्र कधी सापडत नाही.

आम्ही लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, मग सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार, मग जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात अर्ज. पैसे तोवर तीन-चार खात्यांतून पुढे सरकले होते. शेवटच्या एका खात्यात एकसष्ट हजार अडवता आले; ते परत मिळावेत म्हणून न्यायालयात अर्ज दिला आहे. बाकीचे एटीएममधून निघून गेले. ट्रेडर्सच्या नावाचं ते पहिलं खातं एका बेरोजगार पोराचं निघालं. त्याने ते थोड्या पैशांसाठी पासबुक-सिमकार्डासकट भाड्याने दिलं होतं, आता तो आरोपी आहे. पुतण्याने टेलिग्रामचं संभाषण शोधलं तर चॅनेलवाल्यांनी दोन्हीकडून पुसून टाकलं होतं. पैसे भरल्याची नोंद आणि ते कार्ड तेवढं उरलं. पासपोर्टची प्रत चुकीच्या हाती गेल्याचं त्याने तिथल्या पोलिसांना आणि आपल्या दूतावासाला लेखी कळवलं.

अलीकडे भावाला नवे फोन येऊन राहिले आहेत. तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फाइलची फी साडेचार हजार. तक्रारीची तारीख आणि रक्कम दोन्ही बरोबर सांगतात. १९३० वर किंवा सायबर ठाण्यात कुठल्याही टप्प्याला फी नसते. ते नंबरही आम्ही त्याच तक्रारीत जोडून दिले आहेत.