वायरलेस कीबोर्ड-माऊस, सात महिन्यांनंतर: एक तारा देणार होतो

सेल किती टिकतात, कळांचा आवाज होतो का, हे बाकीच्यांनी लिहून झालंय. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. कर्सर अडकतो.

अडकतो म्हणजे हँग होत नाही. माऊस सरळ रेषेत ओढला की कर्सर चार पावलं चालतो, उभा राहतो, आणि मग कुणी मागून ढकलल्यासारखा पुढे जाऊन पडतो. परवा रात्री हिशोबाची शीट बंद करताना 'सेव्ह'कडे निघालेला कर्सर असाच धडपडत 'डोन्ट सेव्ह'वर गेला आणि नेमका तिथेच क्लिक झाला. दीड तासाचं काम पाण्यात. कीबोर्डची तीच तऱ्हा. मी इनस्क्रिप्टने (देवनागरीसाठीची कळांची मांडणी) टाइप करतो, त्यात जोडाक्षरासाठी हलन्ताची कळ वेगळी दाबावी लागते. तेवढी एक कळ गळाली की 'प्रिय'चं 'परिय' होतं आणि 'क्रमांक'चा 'करमांक'. एका अर्जात तीन ठिकाणी 'करमांक' गेला. वाचणाऱ्याला वाटलं असेल, ह्या माणसाचं शिक्षण एवढंच.

पहिले तीन महिने मात्र तक्रारीला जागा नव्हती, हे कबूल करतो. सगळं चौथ्या महिन्यात सुरू झालं.

मदत करणाऱ्यांची कमी नव्हती. ऑफिसमधला मित्र म्हणाला, सेल बदल. जुने सेल संपलेले नसताना नवे घातले, फरक शून्य. (जुने भिंतीवरच्या घड्याळात चालताहेत, ते फुकट घालवलेले नाहीत.) मग कुणी म्हणालं, टेबलाची काच आहे ना, तिच्यावर माऊस चालत नाही. हे चुकीचं नाही. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो काढून आपण किती सरकलो ते ठरवतो, आणि नितळ काचेत त्याला धरायला काही खूणच सापडत नाही. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा खाली घातला. कर्सर पुठ्ठ्यावरही अडकला. कीबोर्ड कुठे काचेवर सरकत असतो, मग त्याची अक्षरं का गळतात, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

मग भाच्याला फोन.

"मामा, रीस्टार्ट केलंस का?"

"रोज रात्री बंद करतो आणि सकाळी चालू करतो. अजून काय करू?"

"ते नाही रे. रीस्टार्ट."

मला रागच आला. शब्दाचा कीस पाडतोय असं वाटलं. त्याने शांतपणे टास्क मॅनेजर उघडायला लावला, 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'वर क्लिक करायला सांगितलं आणि खाली 'अप टाइम'समोर काय दिसतंय ते वाचायला लावलं. एकोणीस दिवस! रोज रात्री दिवा घालवून झोपणारा मी, आणि हे यंत्र एकोणीस दिवस जागं असल्याचं सांगतंय. झालंय असं, की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. शटडाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टीमचा गाभा मिटत नाही, त्याची प्रत डिस्कवर ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे मशीन लवकर सुरू होतं, पण आत काही बिनसलेलं असेल तर तेही जसंच्या तसं परत येतं. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्याने उभं राहतं. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरतोय आणि बंद करणे म्हणजे काय हे मला आता कळलं. ती सोय मी कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन बंद केली. सकाळी थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे.

रीस्टार्टनंतर दोन दिवस कर्सर लोण्यासारखा. मी मनातल्या मनात चार तारे देऊन टाकले. तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा तेच.

आता भाचा म्हणाला, मीच येतो आत. क्विक असिस्टवर (दुसऱ्याचा कॉम्प्युटर नेटवरून लांबून चालवायची विंडोजची सोय) त्याने कोड दिला, मी टाकला, माझा पडदा त्याच्याकडे गेला. (हे फक्त आपण स्वतः फोन लावलेल्या, ओळखीच्या माणसाच्या बाबतीत करायचं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस दिसतोय असं सांगणारा फोन आपणहून आला तर पुढचं वाक्य ऐकायच्या आधी ठेवून द्या.) त्याने सुरुवातीला आपोआप चालू होणारे सात-आठ प्रोग्रॅम बंद केले, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या वीजबचतीची खूण काढली. हे सगळं करताना कर्सर त्याच्या हातात सरळ, शहाण्या मुलासारखा चालत होता. "बघ, चालतोय की," असं म्हणून त्याने सोडला. मी हात लावला, टुणकन उडी. दोनदा करून पाहिलं, दोनदा तेच. शेवटी तो जरा चाचरत म्हणाला, "मामा, तुझा हात थरथरतो का?"

सर्व्हिसचं काय सांगू. माऊसवाल्यांच्या बाईंनी तीन वेळा "सर, डाँगल काढून परत लावा" म्हटलं. (डाँगल म्हणजे माऊस-कीबोर्डचे संदेश पकडायला कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचलेला चिमुकला रिसीव्हर.) चौथ्या वेळी मी आवाज चढवला तेव्हा वॉरंटीत अख्खा सेट बदलून दिला. नवा सेटही अडकला. मग ते म्हणाले दोष पीसीचा, आणि पीसीवाले म्हणाले दोष माऊसचा, तरीही खात्री करायची असेल तर फॉरमॅट मारून घ्या. फॉरमॅट! ह्यांच्याकडे कुठल्याही दुखण्याला हेच औषध. मी नाही म्हटलं.

इथपर्यंतचं मी मागच्या महिन्यात लिहून ठेवलं होतं, खाली एक तारा देऊन. चिडून लिहिलेलं दोन दिवस ठेवायचं म्हणून ठेवलं आणि पाठवायचं राहून गेलं. वरचं काही खोडत नाही, पण पुढचं वाचा.

मुलीची एक मैत्रीण इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती दुसऱ्याच कामाला आली होती, मी माझं रडगाणं सुरू केलं. तिने कशाला हातही लावला नाही. "काका, कधी कधी अडकतो, ते लिहून ठेवाल का? वेळ, आणि तेव्हा काय चालू होतं ते." आजवर प्रत्येकाने मला काय करायचं ते सांगितलं होतं, कधी होतं हे कुणी विचारलंच नव्हतं. तीन दिवस वहीत नोंदी केल्या. पाच वेळा अडकला, पाचही वेळा रात्री दहानंतर. आणि दहानंतर मी रोज एकच काम करतो: जुने फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायला लावतो. ती डिस्क घेतली चौथ्या महिन्यात. रीस्टार्टनंतरच्या त्या दोन 'लोण्यासारख्या' दिवसांत मी कॉपी लावलीच नव्हती. म्हणजे त्याचं श्रेय रीस्टार्टचं नव्हतंच.

मला वाटलं, कॉपीमुळे कॉम्प्युटरवर ताण येत असेल. ती म्हणाली, "मग भाच्याच्या हातात कसा नीट चालला? तेव्हा कॉपी चालू होती?" होती. मशीन दमलं असतं तर त्याच्याही हातात अडकलं असतं. त्याची हालचाल नेटच्या केबलमधून येत होती, माझी डाँगलमधून. म्हणजे गडबड माझा माऊस आणि डाँगल यांच्यामधल्या हवेत होती.

तिने टॉर्च लावून कॅबिनेटच्या मागे बघायला सांगितलं. दोन निळे पोर्ट एकमेकांना चिकटून, एकात डिस्कची केबल, दुसऱ्यात नखाएवढा डाँगल. मध्ये बोट जाणार नाही एवढं अंतर. निळा पोर्ट म्हणजे बहुतेक वेळा यूएसबी ३.०, सेकंदाला पाच गिगाबिटचा. त्या वेगाने माहिती धावताना केबल आणि जोड यांच्यातून रेडिओ लहरींचा जो गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो, आणि डाँगल नेमका त्याच पट्ट्यात माऊसचं ऐकत असतो. बँडबाजाच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलण्याचा प्रकार. इंटेलने यावर २०१२ मध्येच शोधपत्र काढून ठेवलंय, म्हणजे हा काही माझ्याच घरचा चमत्कार नाही. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं, तेव्हा ब्लूटूथ माऊस घेतला की सुटलो असंही समजू नका.

परीक्षा एका मिनिटाची. कॉपी चालू ठेवून माऊस गोल फिरवत राहिलो: अडकला. डिस्क नीट 'इजेक्ट' करून काढली: सुरळीत. परत लावून कॉपी सुरू केली: अडकला. डाँगल पुढच्या काळ्या पोर्टमध्ये नेला: सुरळीत, कॉपी चालू असतानासुद्धा. पुढे लावलेल्या डाँगलला येता-जाता गुडघा लागत होता, म्हणून खण उपसला आणि जुन्या वेबकॅमबरोबर आलेली मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन सापडली. डाँगल आता तिच्या टोकाला, मॉनिटरच्या पायाशी पडून असतो. पाच आठवडे झाले, एकही हलन्त गळालेला नाही.

तेव्हा माऊस निर्दोष, कीबोर्ड निर्दोष, पहिला सेट मी उगाच बदलून घेतला आणि त्या बाईंवर उगाच ओरडलो. बाकी सांगायचं तर स्क्रोलचं चाक थोडं सैल झालंय, आणि कीबोर्डचे पाय एवढे बुटके की उघडले काय अन् मिटले काय. चालतं.

तारे साडेतीन. दीड का कापला? खोक्यात अठरा भाषांतली माहितीपत्रिका आहे. माऊस पाण्यात बुडवू नये हे अठराही भाषांत आहे. डाँगल हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नये, ही एक ओळ एकाही भाषेत नाही. आणि वीतभर केबल खोक्यात टाकली असती तर कुणाचं काय गेलं असतं? माझ्याकडे खण होता, ज्याच्याकडे नाही तो बिचारा फॉरमॅट मारून बसेल. हे सगळं मी कंपनीला मेलने व्यवस्थित मुद्देसूद कळवलं, तक्रार क्रमांकासकट. क्रमांक नीट उमटला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: कृपया सेल बदलून पाहा.