अ गे सिनेगॉग इन न्यू यॉर्क (मोशे शोकेद) – भांडणांसाठी तरी वाचाच

सेकंडहँड मागवलं, टपालखर्चच पुस्तकाच्या किमतीएवढा पडला पण चालतंय, पाचपैकी चार स्टार देतो.

आधी लेखकाबद्दल सांगतो कारण ते माहीत नसेल तर अर्धी मजा जाते. शोकेद हे इस्रायली मानववंशशास्त्रज्ञ, तेल अवीव विद्यापीठात प्रोफेसर होते, पीएचडी मँचेस्टरला, मॅक्स ग्लकमन या नावाजलेल्या मानववंशशास्त्रज्ञाच्या कंपूत. सुरुवातीचं काम मोरोक्कोतल्या अ‍ॅटलास डोंगरातून येऊन इस्रायलच्या एका शेतकरी गावात वसलेल्या ज्यूंवर (१९७१ चं पुस्तक), मग इस्रायल सोडून न्यू यॉर्कला गेलेल्या आणि मायदेशात पळपुटे म्हणून बघितल्या जाणाऱ्या लोकांवर (१९८८). आणि त्यानंतर हे, १९९५ चं. माणूस स्वतः गे नाही, धार्मिक तर अजिबातच नाही, आणि जाऊन बसला कुठे तर ग्रीनिच व्हिलेजमधल्या गे-लेस्बियन ज्यूंच्या प्रार्थनेत, शुक्रवारी संध्याकाळी, परत पुढच्या शुक्रवारी, असं करत करत. स्वतःचा अवघडलेपणा लपवत नाही हे मला आवडलं.

हे सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) म्हणजे बेथ सिमखात तोरा, सुरू झालं १९७३ ला. म्हणजे स्टोनवॉलचा राडा (गे बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलट उभे राहिले तो) झाला १९६९ ला त्याच भागात, त्यानंतर चार वर्षांत. त्याआधी १९७२ ला लॉस एंजेलिसमधे असंच एक निघालं होतं. आता आपल्याला वाटतं की घरच्यांनी नाकारलं, धर्मग्रंथात लेव्हिटिकसच्या अठराव्या अध्यायात सरळ निषेध लिहून ठेवलाय, मग असले लोक धर्माला रामराम ठोकून मोकळे होत असतील ना? तर इथे उलटंच. अनेक जण कडक ऑर्थोडॉक्स घरातले, लहानपणापासून हिब्रू प्रार्थना तोंडपाठ, आणि त्यांना तीच जुनी प्रार्थना हवी, तीच चाल, तोच क्रम. आणि समोर बाकीचे, विशेषतः बायका, म्हणतात की देवाला सारखं 'राजा' आणि 'बाप' का म्हणायचं, प्रार्थनेच्या पुस्तकाची भाषाच बदला. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि लेखक घाईने निकाल देत नाही. ही पानं मी दोनदा वाचली.

दुसरं मोठं भांडण रब्बीचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मगुरूचं. इतकी वर्षं सगळं सभासदच चालवायचे, प्रार्थना कोण म्हणणार, प्रवचन कोण देणार, सगळं आळीपाळीने. मग पगारी रब्बी ठेवायचा का यावरून जे काही चालतं ते वाचताना मला आमच्या गणेश मंडळाची वार्षिक सभा आठवली, तेच रुसवे, तेच 'आम्ही पहिल्यापासून आहोत', तेच हिशेबावरून टोमणे. शेवटी १९९२ ला शेरन क्लाइनबॉम ही बाई रब्बी म्हणून आली, आणि ती आली ती वेळ कसली तर एड्सने माणसं पटापट जात होती ती. आजारी माणसाकडे कोण जाणार, मेलेल्यासाठी कद्दिश ही प्रार्थना कोण म्हणणार, असली कामं या जमातीला रोजची झाली होती. इथे पुस्तकाचा आवाज एकदम बदलतो पण लेखक रडारड करत नाही.

आपल्याकडे ज्यू म्हटलं की अलिबागकडचे शनवार तेली नाहीतर पुण्याचं लाल देऊळ, एवढंच बहुतेकांना माहीत. त्या ओळखीवर हे पुस्तक उघडलं तर पहिली चाळीसेक पानं जड जातील, मिन्यान (प्रार्थनेला लागणारी किमान दहा माणसं), द्राशा (प्रवचन), सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) असे शब्द धडाधड येतात. धीर धरा. तोंडओळख झाली की पुढे सोपं आहे.

एक स्टार का कापला? लोक सिनेगॉगच्या बाहेर कसे जगतात, नाती, घर, एकटेपणा, हे त्या मानाने कमी येतं. सभा संपली की माणसं पानावरून गायब. लेखकालाही बहुतेक हे खटकलं असणार, कारण २०१५ च्या पुस्तकात ते न्यू यॉर्कच्या एलजीबीटी सेंटरमधे भरणाऱ्या वेगवेगळ्या ग्रुप्समधे जाऊन बसलेत, म्हातारे गे लोक, बायसेक्शुअल, वेगवेगळ्या वर्णांचे पुरुष, आणि तिथे लोक मन मोकळं करतात. ते पुस्तक मात्र जरा विस्कळीत वाटलं, प्रकरणं सुटी सुटी, हे जास्त बांधीव आहे.

भाषा अभ्यासकाची आहे पण बोजड नाही, थिअरी मधेच डोकं वर काढते ती पानं सरळ उलटली तरी काही अडत नाही. घ्यायचं असेल तर २००३ ची वाढीव आवृत्ती शोधा, माझ्याकडे जुनीच आली.