टॅलाहासीचं डिक हाउझर स्टेडियम, म्हणजेच मार्टिन सरांचं ग्राउंड: पाचपैकी पाच

फ्लोरिडात राहणाऱ्या आणि अटलांटा, जॅक्सनव्हिलकडून गाडीने खाली येणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय, कारण आपल्याकडे विषय निघाला की ऑरलँडो, डिस्ने, मायामी एवढंच निघतं आणि टॅलाहासी ही राज्याची राजधानी आहे हे पण निम्म्यांना माहीत नसतं. फेब्रुवारी ते मे या दिवसांत इकडे येणार असाल तर फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीची एक बेसबॉल मॅच बघाच. बेसबॉल कळत नाही म्हणून टाळू नका, तिथे शेजारी बसलेले लोक शिकवतात, त्यावर पुढे येतोच.

स्टेडियम लाल विटांचं, बाकी कॅम्पससारखंच. साधारण 6,700 लोक बसतात, त्यामुळे कुठेही बसा, पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, चेहरा दिसतो, बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज येतो. मोठ्या लीगच्या मॅचला वरच्या मजल्यावर बसून स्क्रीनच बघत बसावं लागतं, तसं इथे नाही.

पण मी पाच स्टार देतोय ते या ग्राउंडला ज्यांचं नाव आहे त्या माणसामुळे. स्टेडियमला नाव डिक हाउझरचं आणि आतल्या मैदानाला माइक मार्टिन यांचं. हाउझर इथलेच जुने खेळाडू, 1979 मध्ये एक सीझन इथे कोच होते, मग न्यूयॉर्क यांकीज या व्यावसायिक टीमकडे गेले, पुढे 1985 ला कॅन्सस सिटी रॉयल्सला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली आणि 1987 मध्ये ब्रेन कॅन्सरने गेले. ते यांकीजकडे गेले तेव्हा त्यांच्या हाताखालचा असिस्टंट हेड कोच झाला, तेच मार्टिन सर. 1980 ला खुर्चीवर बसले ते 2019 ला उठले, सलग 40 सीझन, एकच कॉलेज, एकच गाव! त्याआधी स्वतः इथेच सेंटर फील्डला खेळलेले आणि गावातल्याच कम्युनिटी कॉलेजात बास्केटबॉलचे कोच पण होते. पाठीवर 11 नंबर, म्हणून सगळे त्यांना 'इलेव्हन' म्हणायचे, अजूनही तसंच म्हणतात.

आकडे ऐका म्हणजे काय चीज होती ते कळेल. एकूण 2,029 विजय, कॉलेज बेसबॉलमध्ये एवढे कुणाचेच नाहीत, ऑगी गारिडो या दुसऱ्या कॉलेज कोचचा 1,975 चा रेकॉर्ड त्यांनी 2018 च्या मे महिन्यात मोडला. 40 च्या 40 वर्षं टीम एनसीएए टूर्नामेंटला, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेला, पोचली आणि 40 च्या 40 वर्षं सीझनला कमीत कमी 40 मॅच जिंकल्या. शेवटच्या वर्षी तर हे सगळं मोडणार अशीच हालत होती, टूर्नामेंटमध्ये कशीबशी एंट्री मिळाली तेव्हा विजय होते 36, मग जॉर्जियातल्या अथेन्सला जाऊन तीन जिंकल्या, तिथून बॅटन रूजला लुइझियाना स्टेटच्या घरच्या ग्राउंडवर पहिली मॅच मारली आणि चाळीसावा विजय तिथे झाला, दुसरी मॅच नेहमीच्या नऊऐवजी बारा इनिंगपर्यंत खेचून ती पण काढली आणि सर शेवटच्या वर्षी पुन्हा ओमाहाला, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीजला. तिथे आर्कान्सासला 1-0 ने हरवलं, मग मिशिगनकडून आणि टेक्सास टेककडून हरले आणि तिथेच करिअर संपलं. ओमाहाला 17 वेळा गेले पण ट्रॉफी एकदाही मिळाली नाही. गावात याबद्दल हळहळ आहे पण सरांबद्दलचा आदर कणभरही कमी झालेला मी बघितला नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की मैदानाला त्यांचं नाव 2005 मध्येच दिलं, सर रिटायर व्हायच्या चौदा वर्षं आधी. आपल्याकडे सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि तेही माणूस निवृत्त झाल्यावर, बरेचदा गेल्यावर. इथे तो माणूस स्वतःचं नाव लिहिलेल्या ग्राउंडवर रोज प्रॅक्टिसला येत होता, नवीन पोरांना ओरडत होता, शिकवत होता. मला हा सत्काराचा खरा प्रकार वाटतो.

गावासाठी काय केलं असं कुणी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगेन. एक, उन्हाळ्यात शाळकरी पोरांचे कॅम्प, याच ग्राउंडवर, वर्षानुवर्षं. जिथे पुढे फुटबॉलमध्ये गाजलेला डिऑन सँडर्स खेळला, जिथे पुढे मोठ्या लीगमध्ये गाजलेल्या बस्टर पोझीने 2008 ला एका मॅचमध्ये पिचिंगसकट नऊच्या नऊ पोझिशन खेळून वर ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) मारला, त्याच मातीत आठ-दहा वर्षांची पोरं ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा बॉल, पकडायला शिकतात. दुसरी, त्यांनी घडवलेली माणसं परत येतात. आत्ताचे हेड कोच लिंक जॅरेट टॅलाहासीचेच, नव्वदच्या दशकात सरांच्या हाताखाली शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) खेळलेले, नोट्र डेम युनिव्हर्सिटीची नोकरी सोडून 2022 ला इथे आले. सर 1 फेब्रुवारी 2024 ला गेले, 79 वर्षांचे होते, ल्युई बॉडी डिमेन्शिया हा मेंदूचा आजार झाला होता. त्यानंतर काही दिवसांत सीझन चालू झाला आणि त्याच वर्षी जॅरेट टीमला ओमाहाला घेऊन गेले. आधीच्या सीझनला टीमची काय अवस्था होती हे माहीत असलेल्यांना याची किंमत विचारा.

आता स्टँडमधल्या वातावरणाबद्दल. सेक्शन बी मधल्या मंडळींना 'अॅनिमल्स' म्हणतात, जुने पक्के फॅन. पाचव्या इनिंगच्या मध्ये ते उभे राहतात आणि चक्क कॅनडाचं राष्ट्रगीत गातात, फ्लोरिडात! कित्येक वर्षांची प्रथा आहे, नवीन माणूस बावचळून बघत राहतो आणि पुढच्या मॅचला स्वतः उभा राहून गातो. समोरच्या टीमला चिडवतात पण पोराबाळांना घेऊन बसावं इतपतच.

आमच्या शेजारी एक आजोबा बसायचे, मांडीवर स्कोअरबुक आणि कानामागे पेन्सिल. माझ्या मुलाने नुसतं डोकावलं तर त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली आणि शिकवायला लागले, पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेस 3, शॉर्टस्टॉप 6, म्हणजे 6-3 लिहिलं की शॉर्टस्टॉपने बॉल उचलून फर्स्टला फेकला आणि बॅटर आउट. बॅट फिरवून, बॉल न लागता आउट झाला तर सरळ इंग्रजी के (K), नुसता बघत उभा राहून आउट झाला तर उलटा के. मुलाने त्या दिवशी पहिला उलटा के काढला तो मोठ्ठा, चौकटीबाहेर गेलेला, आजोबांनी तो खोडला नाही. मग म्हणाले की मार्टिन सरांच्या बायको कॅरोल पण अशाच स्टँडमध्ये बसून प्रत्येक मॅचचा स्कोअर लिहायच्या. अख्खं घरच या खेळात होतं म्हणा ना, मुलगा माइक ज्युनियर पण सरांच्या नंतर तीन सीझन इथे हेड कोच होता.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. मार्चमध्ये इथे झाडांचा पिवळा पराग गाड्यांवर थर देतो, अॅलर्जी असेल तर गोळी घेऊनच निघा. एप्रिलनंतर दुपारच्या मॅचला ऊन डोक्यावर येतं, टोपी आणि सनस्क्रीन लागतंच, लहान मुलं बरोबर असतील तर शुक्रवार संध्याकाळची मॅच घ्या. जॅक्सनव्हिलहून अडीच तास, अटलांटाहून साडेचार-पाच धरा. फुटबॉलचं भलंमोठं डोक कॅम्पबेल स्टेडियम जवळच आहे, ते पण बाहेरून बघून होतं.

शुक्रवारी आम्ही शक्यतो असतोच, येणार असाल तर आधी मेसेज टाका, शेजारच्या सीट बघून ठेवतो आणि स्कोअरबुक मुलगा शिकवेल, आता त्याला सगळं येतं.