गार्मिन फोररनर २५५ : दोन पावसाळ्यांच्या धावण्यानंतर

गेली दोन वर्षे गार्मिन कंपनीचे फोररनर २५५ हे घड्याळ माझ्या मनगटावर आहे. आठवड्यातून चार दिवस पुण्यातले रस्ते आणि वेताळ टेकडी, आणि एकदा साताऱ्याची घाटातली हाफ मॅरेथॉन, असा आमचा एकत्र प्रवास झाला. घेतले होते वेग वाढवण्यासाठी; पण त्याने मला आधी सावकाश धावायला शिकवले, आणि माझ्या मते त्याचे पैसे तिथेच वसूल झाले.

त्यासाठी घड्याळात एक दुरुस्ती मात्र करावी लागली. आपल्या हृदयाची कमाल गती सुरुवातीला २२० वजा वय या ढोबळ सूत्राने धरली जाते. माझ्या ४६ वर्षांना ती मिनिटाला १७४ ठोके आली, आणि कमाल गतीच्या ६० ते ७० टक्क्यांचा दुसरा झोन (ठोक्यांचा टप्पा), म्हणजे सहज धावण्याचा, १०४ ते १२२ ठोक्यांचा ठरला. एवढ्यात राहायचे तर मला धावताच येईना, झपाझप चालावे लागे. तीन आठवडे असे काढल्यावर एके सकाळी छातीला सेन्सरचा पट्टा बांधून वेताळ टेकडीचा चढ तीनदा जीव खाऊन पळाले, तेव्हा सर्वांत मोठा आकडा १८६ दिसला. (ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये.) तो आकडा घड्याळात हाताने भरताच दुसरा झोन ११२ ते १३० वर सरकला, आणि त्या मर्यादेत मी शेजारणीशी गप्पा मारत तासभर धावू लागले. नवे घड्याळ घेणाऱ्या प्रत्येकीला माझे पहिले सांगणे हेच असते : सूत्रावर विसंबू नका, आपला आकडा शोधा.

छातीच्या पट्ट्याचा आग्रह मी अनुभवातून धरते. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्ताच्या हालचालीवरून नाडी ओळखतो. घड्याळाचा पट्टा सैल असला, हात गारठलेले असले किंवा वेग झटक्याने बदलत असला की हे तंत्र फसते, मग घड्याळ कोणत्याही कंपनीचे असो. माझे आधीचे घड्याळ दुसऱ्या बनावटीचे होते. डिसेंबरातल्या थंडीत पहिल्याच किलोमीटरला ते १७० ठोके दाखवी, कारण ते नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजत असे आणि माझी पावले मिनिटाला तेवढीच पडतात. त्या आकड्याला घाबरून मी कितीतरी चांगल्या सकाळी वाया घालवल्या. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत् संकेतच टिपतो, त्यामुळे त्याची ही चूक होत नाही. मनगटावरच भागवायचे असेल, तर घड्याळ हाडाच्या बोटभर वर आणि घट्ट बांधावे.

अंतराच्या बाबतीत हे घड्याळ मला विश्वासाचे वाटते. ते उपग्रहांचे संकेत १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारितांवर घेऊ शकते, म्हणून इमारतींवर आदळून उशिरा पोचणारे संकेत त्याला वेगळे काढता येतात. विद्यापीठाच्या आवारातल्या दाट झाडीतही नकाशावरची रेघ रस्ता सोडत नाही. सणस मैदानाच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमध्ये दहा फेऱ्या मारल्या, तेव्हा ट्रॅकसाठीच्या खास मोडने बरोबर चार किलोमीटर भरले.

तरीही शर्यतीत घड्याळाचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बघून धावणाऱ्यांची एक फसगत ठरलेली असते, आणि तिचा दोष घड्याळाकडे जात नाही. प्रमाणित मार्ग सायकलला जोडलेल्या काउंटरने, वळणांवर शक्य तितक्या आतल्या रेषेवरून मोजतात, आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून त्यात हजारात एक भाग वाढवतात. आपण गर्दीतून, पाण्याच्या टेबलाकडे वळत, बाहेरून धावतो. त्यामुळे हाफ मॅरेथॉनच्या २१.०९७५ किलोमीटरऐवजी घड्याळात सहज २१.४ भरतात. दोन तासांत संपवायचे म्हणून घड्याळावर ५ मिनिटे ४१ सेकंदांचा पेस धरला, तर दोन तासांवर दीड मिनिटाहून थोडा जास्त वेळ जातो. प्रत्यक्षात ५:३६ धरायला हवा. मी आता आपोआप पडणारा लॅप (प्रत्येक टप्प्याच्या वेळेची नोंद) बंद करते आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबते.

साताऱ्यात तर पेसचा विचारच सोडून द्यावा लागतो. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचे, अशा मार्गावर मिनिटांचे आकडे माणसाला नाउमेद करतात. मी पडद्यावर फक्त ठोके आणि चढलेली उंची ठेवली होती. उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते, म्हणून मोजणीची बारीक छिद्रे घामाने आणि चिखलाने बुजू नयेत याची काळजी घ्यावी लागते. धावून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याखाली धरले की पुरते. चढावर १६५ च्या वर जायचे नाही एवढा एकच नियम मी पाळला. ज्या वळणांवर बाकीचे थांबून गुडघ्यांवर हात टेकत होते, तिथून मी हळूहळू पण न थांबता पुढे गेले, आणि उतारासाठी पायांत जोर शिल्लक राहिला.

पाच बटणे आहेत आणि पडद्याला स्पर्श लागत नाही, हे पावसात आणि घामात मोठे सुख आहे. हा पडदा उन्हात अधिकच स्पष्ट दिसतो. फोररनर २६५ चा झगमगीत पडदा त्याहून देखणा आहे, पण सकाळी नऊच्या उन्हात धावणारीला मी २५५ च सुचवेन. घड्याळात नकाशे नाहीत, त्यामुळे अनोळखी डोंगरवाटांवर जाणाऱ्यांनी दुसरे मॉडेल पाहावे. केवळ जीपीएसवर ३० तास चालेल असे कंपनी सांगते. मी ते दर रविवारी, अंघोळ होईपर्यंत, चार्जिंगला लावते. व्हीओ-टू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचे माप) आणि शर्यतीच्या वेळेचे भाकीत हे अंदाज आहेत. मी ते महिन्यातून एकदा, चढ-उताराची दिशा कळावी म्हणून पाहते.

बजेट मर्यादित असेल, तर महागड्या मॉडेलचा नाद सोडून यापेक्षा साधे घड्याळ घ्यावे आणि उरलेल्या पैशांत छातीचा पट्टा घ्यावा.