सेकंडहँड थ्री-फिफ्टीन रायफल: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी एक सांगून टाकतो, थ्री नॉट थ्री आपल्याला मिळत नाही. .३०३ हा फौजेचा बोअर (नळीचं माप), प्रोहिबिटेड म्हणजे बंदी असलेला, साध्या लायसन्सवर चालत नाही, त्यामुळे फौजेतून निघालेली मिळेल का वगैरे विचारत फिरू नका. आपल्या वाट्याला येते ती इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५. पण बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) हातात घेतला की कळतं, ॲक्शन म्हणजे आतली यंत्रणा तीच जुन्या ली-एनफिल्डची, म्हणजे थ्री नॉट थ्रीची, सेफ्टीपण तशीच डाव्या बाजूला मागे. फक्त काडतूस वेगळं, आठ एमएमचं, .३०३ चं त्यात चालत नाही आणि चालवून बघूही नये.

सेकंडहँड का घेतली तर २०१९ ला आर्म्स ॲक्ट बदलला, तीनच्या जागी दोनच हत्यारं ठेवता येतात, मग ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी तिसरं जमा केलं नाहीतर विकलं, त्यामुळे डीलरकडे चांगला जुना माल आला. माझं लायसन्स शेतीसाठीचं, जमीन घोटीकडे, राहतो नाशिकरोडला. (बिबट्या मारणार का असं प्रत्येक जण विचारतो. नाही. वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकचा प्राणी आहे, जेलात जाल.)

बघायला मामांना घेऊन गेलो. मामा फौजेच्या ईएमईतून (यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणारी शाखा) आर्मरर म्हणजे हत्यारांचे मिस्त्री म्हणून रिटायर, देवळाली कॅम्पला राहतात. दुकानदाराने रायफल काढली तीच मुळी चकचकीत, बटला ताजं पॉलिश, नळीला नवीन ब्लूइंग (गंज धरू नये म्हणून देतात तो निळसर-काळा रंग). मी खूश, मामांचा चेहरा पडला. म्हणाले, "शेठ, पॉलिश राहू द्या, चिंदी आणि पुलथ्रू द्या आधी." पुलथ्रू म्हणजे नळीतून चिंदी ओढायची दोरी.

बोल्ट पूर्ण मागे घेतला, बोल्टहेड वर उचलून फिरवलं आणि बोल्ट बाहेर. पहिलं काम नंबर जुळवायचं, बोल्टवरचा आणि बॉडीवरचा एकच पाहिजे. ली-एनफिल्डचा बोल्ट त्या त्या रायफलला बसवलेला असतो, दुसरीचा घातला तर आत सरकेल, बंदही होईल, पण हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बैठकीमधलं अंतर) बरोबर असेलच असं नाही, आणि तुमचं तोंड त्या बोल्टपासून वीतभर अंतरावर असतं. नंबर जुळत नसेल तर तिथूनच रामराम करा, किंमत कितीही पाडून देऊदे. आमच्यावालीचा जुळला, लायसन्सवर चढणारा नंबरही तोच.

मग नळी. ब्रीचमधे, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, पांढरा कागद धरायचा आणि मझलकडून, म्हणजे पुढच्या तोंडाकडून बघायचं. मामांनी आधी तेलाची चिंदी दोनदा ओढली, पण तेलाने भरलेली नळी सगळ्यांचीच चकाचक दिसते, म्हणून मग कोरडी ओढली आणि तेव्हा ब्रीचच्या पुढे बारीक काळे ठिपके दिसले. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी) मीठ सुटायचं, फायर केल्यावर नळी गरम पाण्याने धुतली नाही की ते दमट हवेत लोखंड खातं. ठिपके थोडे होते, नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खोबण्यांच्या कडा मात्र धारदार होत्या, त्यामुळे मामा म्हणाले चालेल. मझलची कड जास्त वेळ बघितली, पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासली की तिथे कड खाते आणि गोळी सरळ जात नाही. बोटाने गोल फिरवून बघा, डोळ्याला नाही कळलं तर नखाला कळतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लाकूड आणि दुकानात ते कुणी बघत नाही. या रायफलची नळी आणि ॲक्शन पुढच्या लाकडात कशी बसलीय यावर सगळं आहे. मामांनी ट्रिगर गार्डच्या पुढचा स्क्रू तपासला, लाकूड हलतंय का बघितलं, मागे जिथे ते ॲक्शनला टेकतं तिथे चीर आहे का बघितली. नव्हती.

उन्हाळ्यात क्लबच्या रेंजवर चालवली तेव्हा मस्त, ग्रूप छान येत होता, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागत होत्या. बटला लोखंडी प्लेट आहे, खांदा शेकतो, टॉवेल घ्या. मग पावसाळा आला, घोटीचा पाऊस माहितीच आहे, आणि पाऊस उघडल्यावर रेंजला गेलो तर सगळे शॉट डावीकडे. साईट हलवणार होतो, मामा म्हणाले थांब. कागदाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधे सरकवली, उन्हाळ्यात आरपार जायची ती आता टोकाला अडकली. लाकूड फुगून नळीला एका बाजूने दाबत होतं. दुरुस्तीचं लायसन्स असलेल्या मिस्त्रीने तिथलं किंचित घासून दिलं, स्क्रू नीट आवळला, कच्चं जवसाचं तेल चोळलं, परत होती तशी झाली. साईटला हात नाही लावला.

रेक्झिनच्या कव्हरमधे ठेवू नका एवढं नक्की. ओल आतच राहते, माझ्या एका ओळखीच्याच्या रायफलला बोल्टच्या हँडलखाली तांबेरा धरला होता.

कागदपत्रांचा वैताग वेगळाच. शहरातलं लायसन्स पोलीस आयुक्तालयाकडून, ग्रामीणचं जिल्हाधिकाऱ्यांकडून, खरेदीनंतर नोंद करून घ्यायला बऱ्याच चकरा होतात. काडतुसं लायसन्सवर लिहिलीत तेवढीच, आणि ती खडकीच्या फॅक्टरीची, दुकानात कधी असतात कधी नसतात, त्यामुळे रायफल घ्यायच्या आधी डीलरला राउंड आहेत का ते विचारा, नाहीतर भिंतीला लावायची वस्तू होऊन बसेल.

वजन जाणवतं, शेताच्या बांधावरून घेऊन चालायचं तर स्लिंग म्हणजे खांद्याचा पट्टा पाहिजेच. जुना पट्टा पावसाने पार कडक झालाय. नाशिकरोड किंवा देवळालीत चामड्याचं जाड काम करणारा कुणी चांगला माहीत असेल तर सांगा.