शालेय शब्दकोश: बाकी उत्तम, ‘हसणे’ अर्धवट

माझी नात पणजीला इंग्रजी माध्यमात तिसरीत शिकते. परवा शाळेतून आली आणि म्हणाली, “आजी, आज टीचर मला हसली.” माझ्या पोटात धस्स झालं. चारचौघांत पोरीचं हसं केलं की काय! खोदून विचारलं तेव्हा कळलं, टीचर तिच्याकडे बघून गोड हसली होती. त्याच शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले, तेव्हा हा शब्दकोश 150 रुपयांना आणला.

टाईप मोठा, शिलाई पक्की, प्रत्येक नामापुढे लिंग दिलेलं. ‘खुदकन’, ‘खिदळणे’ सापडले. ‘फिदीफिदी’पुढे ‘दात काढून, निर्लज्जपणे’ असं आहे, तो फरक नातीला लगेच कळला.

‘हसणे’पाशी मात्र मी अडले. अर्थ ‘हास्य करणे’. ‘हास्य’ उघडावं, तर तिथे ‘हसणे’! मुलांनी यातून काय समजायचं? अहो, या क्रियापदाचा अर्थ प्रत्ययावर फिरतो. ‘मला हसली’ म्हणजे टिंगल केली, ‘माझ्याकडे बघून हसली’ म्हणजे मायेनं. शिवाय ‘ला’ लागला तरी ‘ती हसली’च, ‘तिने हसलं’ नाही. ‘हसवणे’ आलं की मात्र ‘तिने हसवलं’. घरी कोंकणी बोलणाऱ्या आमच्याकडच्या मुलांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

‘हसू’ आणि ‘हसे’ दोन्ही नपुंसकलिंगी, एवढं सांगून कोश पुढे जातो. पण हसू येतं, रडू येतं तसं. मला हसू आलं, आवरेना. हसं होतं, आणि ते होऊ नये म्हणून माणूस जपतो. बोलताना फरक एका स्वराचा. ‘हशा’पुढे नुसतं ‘पु., हास्य’. नातीनं ते वाचून वहीत लिहिलं, ‘मला हशा आला.’ तिची काय चूक? हशा एकट्याला येत नाही, तो पिकतो. जत्रेच्या नाटकात मांडवभर पिकतो, तेव्हा मागे चणे विकणारासुद्धा मान वर करून बघतो. असं एक वाक्य छापलं असतं तर केवढं काम झालं असतं!

प्रकाशकांना पत्र टाकलंय, पुढच्या आवृत्तीत या चार शब्दांना उदाहरणं द्या म्हणून. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी कोश जरूर घ्या. ‘ह’ची पानं तेवढी मुलांना शेजारी बसवून वाचा, मी आमच्या प्रतीत समासात पेन्सिलीनं वाक्यं लिहून ठेवलीत.