फिंगर पॅड, ऑक्टोपॅड की चामड्यावर ट्रिगर?

घरी लॅपटॉपवर ट्रॅक बांधणाऱ्या नागपूरच्या मुलामुलींना स्टेजवर यायचं असतं, आणि 'वाजवायला काय घेऊ?' हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. माझा निकष एकच आहे: प्रेक्षकाला आधी हात दिसावा, मग आवाज यावा.

नागपूरच्या महाल भागात देवीच्या विसर्जनात धुमालच्या, म्हणजे गाडीवर पॅड आणि ढोल लावून वाजवणाऱ्या पथकाच्या, गाडीसमोर उभा होतो. पॅडवाल्याने उजवा हात खांद्यावर नेला आणि क्षणभर रोखला. समोरच्या आठेक वर्षांच्या पोरानेही हवेत हात उचलला. दोघांचा ठोका एकदमच पडला. आवाज कुठून येणार हे त्या पोराला आधीच कळलं होतं.

फिंगर पॅडवर, म्हणजे बोटांनी दाबून वाजवायच्या छोट्या रबरी चौकोनांवर, हेच अवघड जातं. चार बाय चारची ती मांडणी आकाई कंपनीच्या १९८८ च्या एमपीसी ६० या यंत्रापासून रुळली. लूप सोडायला, सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) कापून वाजवायला तिला तोड नाही. पण बोट सेंटीमीटरभरच हलतं, तिसऱ्या रांगेपुढे काही दिसत नाही. घेतलंच तर तिरक्या स्टँडवर, प्रेक्षकांकडे कललेलं ठेवा आणि लॅपटॉप बाजूला सरकवा.

ऑक्टोपॅड, म्हणजे स्टिकने वाजवायचा आठ रबरी पॅडांचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, रोलँड कंपनीने १९८५ मध्ये आणला. आपल्याकडे ऑर्केस्ट्रापासून भीमगीतांच्या कार्यक्रमापर्यंत तो सगळीकडे आहे, म्हणजे शिकवणारा, दुरुस्त करणारा, जुना विकणारा गावातच सापडतो. स्टिकमुळे अख्खा हात खांद्यापासून हलतो. रोलँडच्याच एसपीडी-एसएक्स या पॅडवर स्वतःचे सॅम्पल भरता येतात, लॅपटॉप घरी ठेवला तरी चालतं. मात्र रबरावर चाट आणि थाप यांतला फरक उमटत नाही. तबल्यावर हात बसलेला असेल तर बोटांनी वाजणारा रोलँडचा हॅण्डसॉनिक पॅड बघा.

माझा जीव मात्र तिसऱ्या वाटेवर आहे. ताशाच्या किंवा ढोलकीच्या कडेजवळ पिझोची चकती (ठोक्याच्या कंपनातून विजेचा इशारा देणारा सेन्सर) चिकटवायची आणि तिची वायर ऑक्टोपॅडच्या ट्रिगर जॅकला, म्हणजे तो इशारा घेऊन आवाज सोडणाऱ्या सॉकेटला, द्यायची. चकती अगदी स्वस्त मिळते. चामड्याचा खरा आवाज हॉलमध्ये घुमतो, त्याखाली तुमचा सिंथचा इलेक्ट्रॉनिक आवाज उठतो. पथकात वाजवलेल्या हाताला नवं काही शिकावं लागत नाही.

त्रासही आहे. चामडं ठोक्यानंतर थरथरत राहतं आणि एका ठोक्याचे दोन नोंदले जातात. तेव्हा मास्क टाइम, म्हणजे एका ठोक्यानंतर पुढचा इशारा न घेण्याची मुदत, थोडा थोडा वाढवायचा. शेजारच्या सबवूफरनेही (खर्जाच्या स्पीकरनेही) वाद्याचं पान हलून ट्रिगर सुटतो. चकतीखाली फोमची पातळ पट्टी आणि थ्रेशोल्ड (इशारा नोंदण्याची किमान पातळी) किंचित वर, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. गणपतीच्या दिवसांत दमट हवेने पान उतरतं, म्हणून साउंडचेकला ही सेटिंग्ज पुन्हा तपासावीच लागतात.

आवाज लॅपटॉपमधून काढणार असाल तर बफर जपा, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो तुकडा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तितके नमुने) ५१२ नमुन्यांचा बफर एकटाच साडेअकरा मिलिसेकंद खातो, म्हणजे स्पीकर चार मीटर मागे नेल्यासारखं. तो १२८ वर आणा. ब्लूटूथ स्पीकर तर नकोच, हात खाली येऊन गेल्यावर आवाज येतो.

सेन्सरचे हातमोजे, हवेतले हावभाव वगैरे पुढे कधीतरी. ठोका कशावर पडला हेच त्यात दिसत नाही.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानात जाल तेव्हा मित्राला सोबत न्या. आवाज बंद ठेवून वाजवा, त्याला दहा पावलं लांब उभं करा. नुसत्या हातावरून त्याला ताल धरता आला, तर पैसे मोजा.